सिग्नलला गाडी नेमकी कुठे थांबवायची? पट्टी दिसतेय तोवर

प्रश्न विचारणाऱ्या दादांची अडचण थोडक्यात अशी. छोटी हॅचबॅक घेऊन चार महिने झालेत. लाल दिव्याला थांबूनही ५०० रुपयांचं ई-चलन आलं, कारण फोटोत पुढची चाकं झेब्रा पट्ट्यांवर दिसतात. ते म्हणतात, "मला तर मी पट्टीच्या मागेच आहे असं वाटत होतं." मित्राचं म्हणणं, पुढचं चाक थांबायच्या पट्टीला, म्हणजे झेब्राच्या अलीकडच्या आडव्या पांढऱ्या रेघेला, टेकलं की बास. बायकोचं म्हणणं, चांगलं लांब थांबत जा. पण लांब थांबलं की दुचाकीवाले पुढे येऊन उभे राहतात, मागचे हॉर्न मारतात, आणि जवळ थांबलं तर सिग्नलचा दिवा टपावर जाऊन दिसेनासा होतो. मग थांबायचं तरी कुठे?

मी पुण्यात एकवीस वर्षं गाडी शिकवते. माझ्या गाडीत माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो, आणि तो ब्रेक मला सगळ्यात जास्त वेळा कुठे दाबावा लागत असेल तर सिग्नलला, शेवटच्या पाच फुटांत. त्यामुळे दादा, हा घोळ तुमच्या एकट्याचा नाही.

नियम एका वाक्याचा आहे. थांबण्याची खूण असताना गाडीचा कुठलाही भाग थांबायच्या पट्टीपुढे असता कामा नये. चाक म्हटलेलं नाही, कुठलाही भाग. म्हणजे बंपर, आणि बंपरला हौसेने बसवलेला लोखंडी गार्ड असेल तर तोसुद्धा. इथेच तुमच्या मित्राचं गणित चुकतं. पुढचं चाक पट्टीला टेकेपर्यंत तुमच्या गाडीचं नाक दीड-दोन फूट पट्टीच्या पुढे गेलेलं असतं. झेब्रा लगेच पुढे असेल तर ते त्याच्यावर असतं.

पण नियम तुम्हाला माहीतच होता. तुम्ही थांबलात, मुद्दाम पट्टी ओलांडली नाहीत. खरी भानगड अशी आहे की पट्टीच्या जवळ गेल्यावर पट्टी दिसतच नाही. चालकाच्या जागी बसलं की बॉनेटच्या पुढचा साधारण तीन-चार मीटर रस्ता नजरेआड असतो. गाडीचा बांधा, सीट किती वर घेतलीय, माणूस किती उंच, यावर थोडं कमी-जास्त होतं. पण तुमच्या बंपरपुढे जवळजवळ एक अख्खी अल्टो मावेल एवढी जागा तुम्हाला दिसत नाही, हे धरूनच चला. नवीन माणूस काय करतो? पट्टी बॉनेटखाली गेली, तरी "अजून थोडं पुढे, अजून थोडं" करत राहतो, कारण पट्टी नजरेआड गेली की ती बंपरपासून किती लांब राहिलीय याचा त्याला अंदाजच नसतो. मग आंधळेपणाने पुढे काढलेले ते चार-पाच मीटर त्याला थेट झेब्रावर नेऊन सोडतात.

म्हणून माझा पहिला धडा हा: पट्टी बॉनेटच्या कडेखाली दिसेनाशी होते त्या क्षणी गाडी पूर्ण थांबलेली असली पाहिजे. तुम्ही तीन मीटर मागे राहाल. राहा. पहिले सहा महिने तीन मीटर मागे राहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही. मागचा हॉर्न मारेल. मारू दे. हॉर्न मारून लाल दिवा लवकर हिरवा होत नाही. मुंबई पोलिसांनी तर २०२०च्या सुरुवातीला एक गंमत दाखवली होती. काही सिग्नलांना आवाज मोजायचं यंत्र लावलं आणि गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले. त्याचा व्हिडिओ मी आजही नव्या बॅचला दाखवते.

पुढे हात बसला की तीन मीटर जरा जास्तच वाटतात, आणि गर्दीच्या चौकात ते खरंही आहे. मागची गाडी तेवढीच मागे राहते आणि डावीकडे वळणाऱ्यांची वाट अडते. तेव्हा बंपर पट्टीपासून साधारण एक मीटरवर आणायला शिकायचं. ते समोर बघून जमत नाही. बाजूला बघून जमतं. आपला चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या आरशाच्या खालच्या बाजूने पट्टीचं दुभाजकाकडचं टोक कुठे दिसतंय ते बघायचं. बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये ते टोक आरशाच्या बुडाशी आलं की नाक पट्टीच्या अगदी जवळ असतं. पण "बहुतेक" या शब्दावर जाऊ नका. प्रत्येकाची खूण वेगळी असते आणि ती मोजूनच काढावी लागते.

आमच्या मैदानावर मी ती कशी काढून देते ते सांगते. सकाळी सात वाजता रांगोळीने जमिनीवर हाताएवढी रुंद पांढरी पट्टी ओढते. शिकणाऱ्याला सांगते, तुला वाटतं तिथे थांब. हँडब्रेक ओढ, गाडी बंद कर आणि उतर. मग बंपरपासून पट्टीपर्यंत पावलं मोजायची. पहिल्या दिवशी बहुतेकांची पट्टी सापडतच नाही. ती गाडीखाली असते आणि शोधायला वाकावं लागतं. एक ताई होत्या, उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. शाळेत शिक्षिका, स्वभावाने एकदम नेटक्या. त्यांनी गाडी थांबवली, उतरल्या आणि पुढे जाऊन पट्टी शोधू लागल्या. पट्टी मागच्या चाकांपाशी होती. त्या म्हणाल्या, "अहो, कुणीतरी पुसली वाटतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी सीट दोन खटके वर घेतली, खाली पातळशी उशी ठेवली आणि तिसऱ्या फेरीत बरोब्बर दीड पावलावर थांबल्या. काही बदललं नव्हतं, फक्त बसायची उंची. तेव्हा तुम्हीही आधी सीट वर होते का बघा. बऱ्याच गाड्यांत चालकाच्या सीटला बाजूला दांडी असते आणि लोकांनी तिला वर्षानुवर्षं हात लावलेला नसतो.

आता मागे थांबायचं कशासाठी, हे एकदा डोक्यात बसलं की दंडाची भीती लागत नाही. पहिलं कारण उघड आहे, पादचारी. शिकवायला लागले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. माझा विद्यार्थी झेब्रावर थांबला आणि मी म्हटलं, राहू दे, आता मागे कुठे घेतोस. काठी घेतलेले एक आजोबा आमच्या बॉनेटला वळसा घालून पुढून निघाले, म्हणजे झेब्रा सोडून चौकाच्या पोटात. तेवढ्यात आडव्या रस्त्याने हिरव्या दिव्यावरची रिक्षा आली. रिक्षावाल्याने कचकन ब्रेक मारला म्हणून निभावलं. आजोबांनी रिक्षाकडे नाही, आमच्याकडे बघितलं. चूक कुणाची होती ते त्यांना नेमकं कळलं होतं. तेव्हापासून झेब्रावर गेलेली गाडी मी खपवून घेत नाही. मागे जागा असेल तर रिव्हर्सचा दिवा लावून, आरशात आणि मान वळवून बघून, इंच इंच मागे घ्यायला लावते. मागे कुणी चिकटलेलं असेल तर मागे घ्यायचं नाही, जागेवर राहायचं आणि काच खाली करून हाताने लोकांना वाट दाखवायची.

दुसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं, ते म्हणजे वळणारी बस. तुमच्या डाव्या हाताच्या रस्त्यावरून आलेली बस चौकात उजवीकडे वळते आणि दुभाजकापलीकडून तुमच्याच रस्त्याला लागते, असं डोळ्यासमोर आणा. त्या वळणाच्या आतल्या बाजूला तुम्ही उभे आहात. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने कधीच जात नाहीत. ती आतून कापत येतात. ड्रायव्हर तोंड व्यवस्थित काढतो, पण पोट तुमच्या उजव्या हेडलाइटच्या दिशेने सरकत येतं. पट्टी ज्याने आखली त्याने ही जागा सोडून आखलेली असते. तुम्ही पट्टीपुढे गेलात की बसची वाट अरुंद होते, बस चौकात अडकते आणि मग सगळा चौक बसतो. संध्याकाळी सहा वाजता चौक तुंबतो तेव्हा दर वेळी वाहनं जास्त झालेली नसतात. पुष्कळदा चार गाड्यांची नाकं पुढे आलेली असतात, एवढंच.

दिवा दिसत नाही, ही तुमची तक्रार. पट्टीजवळ, आपल्या बाजूला जो खांब असतो त्याचा दिवा पट्टीवर थांबल्यावर वर जाणारच. म्हणूनच बहुतेक मोठ्या चौकांत पलीकडेही त्याच दिशेसाठी दुसरा दिवा असतो. थांबल्यावर तो बघायचा. तो नसेल किंवा झाडाच्या फांदीत गेला असेल, तर अर्धा मीटर अजून मागे थांबा म्हणजे जवळचा दिवा काचेच्या वरच्या कडेत राहतो. मान वाकवून, स्टिअरिंगवर छाती टेकवून दिवा बघावा लागत असेल तर गाडी नक्की पुढे गेलीय.

पट्टीच पुसली गेली असेल तर? आपल्याकडे दोन पावसाळे झाले की रंग विरतो आणि नव्या डांबराखाली तर सगळंच जातं. अशा वेळी मी हा क्रम सांगते. झेब्रा दिसतोय का? मग त्याच्या अलीकडे किमान एक मीटर. झेब्राही नाही? मग आपल्या बाजूचा सिग्नलचा खांब बघा आणि त्याच्या अलीकडे थांबा. खांबही नाही? मग फुटपाथ कोपऱ्यावर वळायला जिथे सुरुवात करतो तिथून लोक रस्ता ओलांडणार, असं समजा आणि त्या वळणाच्या अलीकडे राहा. चौकात मामा उभे असतील तर हे सगळं बाजूला. त्यांचा हात दिव्यापेक्षा मोठा. हिरवा असताना त्यांनी थांब म्हटलं तर थांबायचं, लाल असताना चल म्हटलं तर चालायचं.

सिग्नल नसलेल्या चौकात मात्र एकदा थांबून भागत नाही. पुण्यातल्या पेठांमध्ये जा. गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथे कोपऱ्यावर दुचाकींची रांग, तिच्यापुढे टेम्पो. पट्टीवर थांबलं तर आडव्या रस्त्यावरचं काहीच दिसत नाही. दिसण्यासाठी पुढे गेलं तर नाक रस्त्यात. इथे दोन टप्प्यांत थांबायचं. पहिला थांबा पट्टीवर किंवा फुटपाथच्या रेषेत, पूर्ण थांबा, चालणाऱ्यांसाठी. दुसरा थांबा हाफ क्लचवर मुंगीच्या चालीने पुढे सरकून, आडवा रस्ता दिसायला लागेल तिथे. अष्टकोनी लाल फलक असेल तर पहिला थांबा ऐच्छिक नाही, रस्ता मोकळा दिसला तरी चाकं थांबलीच पाहिजेत. उलटा त्रिकोण असेल तर मुख्य रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्यायचं. दोन्ही नसेल आणि दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. हे शेवटचं मी परीक्षेआधी दहा वेळा घोकून घेते आणि तरी लोक "मोठ्या गाडीला आधी" असं उत्तर लिहून येतात!

पिवळ्या दिव्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या चलनाचं मूळ मला तिथे वाटतं. कुठे थांबायचं हे पट्टीपाशी ठरत नाही, खूप आधी ठरतं. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली असेल तर एका सेकंदात ती ११ मीटर जाते. पिवळा दिसला, डोक्यात शिरला, पाय ब्रेकवर आला, यात एक सेकंद गेला. त्यानंतर मागच्याला दचकवणार नाही अशा बेताने ब्रेक लावायचा तर आणखी अठरा-वीस मीटर लागतात. सगळे मिळून तीसेक मीटर धरा, म्हणजे आठ छोट्या गाड्यांची रांग. पिवळा लागला तेव्हा पट्टी याहून लांब असेल तर थांबायचंच. याहून बरीच जवळ असेल आणि थांबायला गेलात तर तुम्ही झेब्रावर किंवा त्याच्याही पुढे थांबणार. तिथे कचकन थांबण्यापेक्षा सावधपणे पार होणंच बरं, पिवळ्याचा अर्थही तोच आहे. पावसात हे अंतर वाढतं. त्यातही पांढऱ्या पट्ट्यांचा रंग ओला झाला की निसरडा असतो, विशेषतः दुचाकीला. म्हणून हिरवा खूप वेळ हिरवाच आहे असं दिसलं की मी मुलांना म्हणते, "हा शिळा हिरवा आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा." सेकंद दाखवणारा आकडा असेल तर तो बघा, पण आकडा तीनवर आहे म्हणून गाडी दामटू नका. लाल तोडला तर प्रकरण पट्टीच्या ५०० रुपयांवर थांबत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये लाल दिवा तोडणं धोकादायक वाहन चालवण्यात धरलंय. दंड १,००० ते ५,००० आणि वर कैदेचीही तरतूद. पट्टीसारख्या साध्या चुका कलम १७७ मध्ये येतात, पहिल्या वेळी ५०० पर्यंत, पुढच्या वेळी १,५०० पर्यंत.

दुचाकीवाले पुढे येऊन उभे राहतात, हे खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. येऊ द्या. तुम्ही जागा भरून काढायला पुढे सरकलात तरी ते झेब्राच्याही पुढे जाऊन उभे राहतील. फक्त दिवा हिरवा झाला की लगेच क्लच सोडू नका. डावा आरसा, उजवा आरसा आणि बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याकडे एक नजर. तिथे स्कूटर अडकलेली असते, तिच्या पुढच्या फळीवर दप्तर घेतलेलं पोर उभं असतं आणि ते तुमच्या नजरेआडच्या जागेत असतं. एक श्वास घ्या, मग निघा.

तुम्ही रांगेत पहिले नसाल तर हिशोब सोपा आहे. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. चाक दिसतंय पण चाकाखालचा रस्ता दिसत नाही, म्हणजे तुम्ही चिकटलात. चढावर असाल तर अजून अर्धी गाडी सोडा, कारण पुढचा हँडब्रेक न लावता निघाला की आधी मागे येतो. पुढची गाडी बंद पडली तर तेवढ्या जागेतून बाजूने निघताही येतं. थांबा लांबला तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. पहिला गिअर टाकून क्लच दाबून दोन मिनिटं बसणाऱ्यांमुळे माझ्या मेकॅनिकचं घर चालतं.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. जिथे डावीकडे वळायला लाल दिव्यातही मुभा असल्याचा फलक किंवा हिरवा बाण आहे, तिथे सरळ जायचं असताना डाव्या लेनमध्ये पहिले उभे राहू नका. आणि फलक नसेल तर डावीकडचं वळणही लालला बंद असतं, लोक काहीही म्हणोत. चौकाच्या मधोमध पिवळ्या रेघांची चौकट आखलेली असेल तर पलीकडे तुमच्या गाडीपुरती जागा दिसेपर्यंत हिरव्यातही पट्टीमागेच थांबायचं. उजवीकडे वळण्यासाठी चौकात उभं राहावंच लागलं तर चाकं सरळ ठेवा. चाकं वळवून ठेवलीत आणि मागून कुणी धडकलं तर तुम्ही समोरून येणाऱ्यांच्या तोंडात जाता.

रुग्णवाहिका मागे आली तर पट्टी ओलांडायची का, असं कुणीतरी विचारेलच. मी आधी डावीकडे तिरकं सरकायला सांगते. तेवढ्यात वाट होत नसेल तर चौक बघून, पादचारी बघून एक-दोन मीटर पुढे व्हा आणि तिथेच थांबा, लाल दिव्यात चौक पार करू नका. रुग्णवाहिकेला मुद्दाम वाट न देण्याला कायद्यात १०,००० रुपये दंड आहे. वाट देताना पट्टी ओलांडलेली कॅमेऱ्याने टिपली तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवता येते. डॅशकॅमचा व्हिडिओ असेल तर सोबत जोडा.

तुमच्या चलनाबद्दल मात्र फोटोत चाकं झेब्रावर असतील तर तक्रारीत दम नाही. भरून टाका. चौकातली पट्टी खरोखर पुसलेली असेल तर तिचा फोटो काढून महापालिकेच्या तक्रार ॲपवर टाका, चलनासाठी नाही, पुढच्या माणसासाठी. आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये रांगोळीची पट्टी ओढा, बायकोला बाजूला उभं करा. तुम्ही थांबा, पावलं त्यांना मोजू द्या. मग दोघं जागा बदला, त्यांनाही चालवता येत असेल तर. किती पावलं आली ते दोघांचंही इथे लिहा, गाडी कोणती आणि सीट किती वर होती त्यासकट.